शाळकरी मुलांना भाववाढीचे गणित कसे शिकवावे?

आठवी ते दहावीच्या वर्गांतील मुलामुलींना शेकडेवारी, गुणोत्तर व चक्रवाढ व्याज हे भाग शाळेत शिकविले जातात. पुस्तकातील उदाहरणे ती मुले बिनचूक सोडवितातही. परंतु बाजार समितीतून मालाची पट्टी घरी आली किंवा किराणा दुकानातून महिन्याच्या सामानाची यादी आली, म्हणजे तो कागदही आपल्याच गणिताचा भाग आहे असे त्यांना सहसा वाटत नाही. "पैशाला आता किंमत राहिली नाही," हे वडीलधाऱ्यांचे वाक्य त्यांच्या कानांवर रोज पडते. ती किंमत किती राहिली नाही, हे मात्र मोजून कोणी दाखवीत नाही.

हा विषय शाळामास्तरांचा, आपला नव्हे, असे काही विस्तार कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. परंतु हीच मुले पाच-सात वर्षांनी पीककर्जाच्या कागदावर सही करतील, माल आज विकावा की ठेवावा हे ठरवतील, सालगड्याशी किंवा मुकादमाशी मजुरीचा बोल करतील. त्या वेळी रुपयाचा आकडा व रुपयाची खरेदीशक्ती यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याचे नुकसान पीक चांगले येऊनही होते. म्हणून गावातील युवक मंडळ किंवा शाळेचा शनिवारचा एखादा तास यांसाठी चार-पाच पाठ पुढे सुचविले आहेत. त्यांस फळा, खडू, प्रत्येकी एक वही व घरातील जुनी बिले यांपलीकडे साहित्य लागत नाही.

पहिला पाठ वाणसामानाचा घ्यावा. एक वस्तू महाग होणे म्हणजे भाववाढ नव्हे, ही गोष्ट मुलांच्या मनावर प्रथम ठसवावी. कांदा चढतो व उतरतो. त्याला आवक, पाऊस, साठवण अशी कारणे असतात. घरात लागणाऱ्या बहुतेक वस्तूंचे व सेवांचे भाव एकंदरीने चढत राहतात, त्याला भाववाढ किंवा चलनवाढ म्हणावयाचे. मग एकंदरीने म्हणजे किती? येथे मुले हटकून एक चूक करतात, व ती त्यांना करू द्यावी. फळ्यावर पुढील समजुतीचे आकडे लिहावेत. एका कुटुंबास महिन्याला ज्वारी ३० किलो, गोडेतेल ४ किलो, साखर ५ किलो, चहापूड अर्धा किलो व मीठ १ किलो लागते. गेल्या वर्षी ज्वारी ३० रुपये किलो होती, ती यंदा ३३ झाली. तेल १५० रुपयांवर तसेच राहिले. साखर ४० ची ४४ झाली. चहापूड किलोला ४०० रुपयांवर स्थिर राहिली. आणि मीठ २० चे ३० झाले. भाववाढ किती, असे विचारल्यावर मुले प्रत्येक वस्तूची शेकडेवारी काढतात (१०, ०, १०, ०, ५०) व तिची सरासरी करून १४ टक्के असे उत्तर देतात.

आता त्यांना दोन वर्षांच्या याद्यांची बेरीज करावयास सांगावे. गेल्या वर्षीची यादी ९०० + ६०० + २०० + २०० + २० म्हणजे १,९२० रुपयांची होते. यंदाची ९९० + ६०० + २२० + २०० + ३० म्हणजे २,०४० रुपयांची. वाढ १२० रुपयांची, अर्थात सव्वासहा टक्के. मीठ दीडपट झाले खरे, परंतु घरात मीठ लागते किती? ज्या वस्तूवर खर्च अधिक तिचा भार अधिक, हे एकदा उमगले की सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक कसा काढतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. तोही अशाच एका मोठ्या यादीचा हिशेब असतो. २०१२ हे आधारवर्ष धरून काढलेल्या निर्देशांकात ग्रामीण कुटुंबासाठी अन्न व पेये यांचा भार शंभरात ५४ हून किंचित अधिक होता. शहर व खेडी मिळून तो सुमारे ४६ होता. खेड्यातील घराचा निम्म्याहून अधिक खर्च तेव्हा पोटावर होत होता, असा याचा अर्थ. शहरातील नोकरदाराची भाववाढ व आपल्या गावातील मजुराची भाववाढ एकच नसते, हे मुलांनी या आकड्यांवरून स्वतः काढावे. आपण सांगू नये.

याच पाठाच्या शेवटी मापाकडे लक्ष वेधावे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो, पण त्यावर छापलेले वजन तेच आहे काय? मुलांना पुड्यांची जुनी वेष्टने जमवावयास सांगावे व दर किलोचा भाव काढून घ्यावा. खताच्या गोणीचे उदाहरण याच जातीचे, पण उलट दिशेचे आहे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती व तिची किंमत, निमलेपनाचा खर्च व कर वगळून, २६८ रुपये होती. २०१८ सालापासून गोणी ४५ किलोची झाली व किंमत २४२ रुपये. गोणी स्वस्त झाली असे पुष्कळांना वाटले. भागाकार केला असता किलोचा भाव दोन्ही वेळी ५ रुपये ३६-३८ पैसेच येतो. पिशवीकडे न पाहता किलोकडे पाहण्याची सवय मुलांना लागली, तर बियाणे व औषधे घेतानाही ती उपयोगी पडेल.

दुसरा पाठ "दर उतरला" या शब्दांचा आहे. वर्तमानपत्रात भाववाढीचा दर कमी झाल्याची बातमी येते आणि दुकानात मात्र काहीच स्वस्त झालेले नसते. मग बातमी खोटी, असा निष्कर्ष गावात निघतो. येथे खरी आकडेवारी घ्यावी. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो व इतर भाजीपाला कडाडला, तेव्हा देशातील किरकोळ भाववाढीचा वार्षिक दर ७.४४ टक्के झाला. पुढील वर्षी जुलै २०२४ मध्ये तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. आता मुलांना विचारावे: जुलै २०२२ मध्ये जी यादी १०० रुपयांना येत होती, ती जुलै २०२३ मध्ये कितीला व जुलै २०२४ मध्ये कितीला? पहिले उत्तर १०७ रुपये ४४ पैसे. दुसरे उत्तर १०३.५० नव्हे, तर १०७.४४ वर साडेतीन टक्के, म्हणजे १११ रुपयांहून थोडे अधिक. दर निम्मा झाला. यादी मात्र महागच झाली. घाटात गाडीचा वेग कमी झाला म्हणून गाडी खाली उतरू लागली असे होत नाही, ती चढतच असते.

पायाचाही विचार येथेच करून घ्यावा. २० रुपयांचा कांदा ३० झाला तर वाढ ५० टक्के; तो ३० वरून पुन्हा २० वर आला तर घट सुमारे ३३ टक्के. रुपये दहाच, पण पाया बदलला. मागील वर्षी भाव फार चढले असतील, तर यंदाचा दर त्या उंच पायावर मोजला जात असल्यामुळे लहान दिसतो. जुलै २०२४ च्या आकड्यात हा भाग मोठा होता. भाववाढ शून्यावर आणावी असे सरकारचे धोरण नाही, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटते. २०१६ साली रिझर्व्ह बँकेसाठी जे उद्दिष्ट ठरले, ते ४ टक्क्यांचे असून त्याच्या वर-खाली २ टक्क्यांची मोकळीक ठेवलेली होती.

तिसरा पाठ माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, व त्याला दोन तास द्यावे लागले तरी द्यावेत. शहरातील कुटुंब बाजारात बहुधा घेणारे असते. शेतकऱ्याचे कुटुंब सकाळी विकणारे व संध्याकाळी घेणारे असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाववाढीचा दर केवळ पाव टक्का नोंदला गेला. अन्नपदार्थांचे भाव तर आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे ५ टक्के उतरलेले होते. शहरातील गृहिणीस ही सुवार्ता होती. भाजीपाला पिकविणाऱ्याच्या घरी तिचा अर्थ काय, हा प्रश्न वर्गात टाकून थोडे थांबावे. म्हणून शेतकऱ्याच्या मुलास केवळ रुपयांत मोजून भागत नाही. एका दिवसाच्या मजुरीला किती किलो ज्वारी, एका डीएपीच्या गोणीला किती किलो सोयाबीन, एक लिटर दुधाला किती सरकी पेंड, असे मोजमाप त्याला करता आले पाहिजे.

वडीलधारी माणसे जुन्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगतात, त्यांचा येथे चांगला उपयोग होतो. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. घरोघर अशी एखादी चवली-पावली अजून सापडते. या नाण्यास काय मिळत असे हे आजी-आजोबांना विचारून येण्यास मुलांना सांगावे, परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्यास बजावावे: त्या वेळी दिवसाची मजुरी किती होती? भाव सांगितला व मजुरी सांगितली नाही, तर तो हिशेब अर्धाच राहतो.

मजुरीचे खरे आकडे घेऊ. केंद्राच्या रोजगार हमी योजनेखाली महाराष्ट्रासाठी ठरविलेली दिवसाची मजुरी २०१४-१५ साली १६८ रुपये होती. २०२४-२५ साली ती २९७ रुपये झाली. वाढ सुमारे ७७ टक्के. त्याच दहा वर्षांत २०१२ च्या पायावरील ग्राहक किंमत निर्देशांक सरासरीने सुमारे ११९ वरून सुमारे १९३ वर गेला, म्हणजे ६२ टक्के वाढला. मजुरी भाववाढीच्या पुढे गेली, असे उत्तर मुले देतील व ते बरोबर आहे. आता संकरित ज्वारीचा हमीभाव पाहावा. तो क्विंटलला १,५३० रुपयांवरून ३,३७१ रुपये झाला, म्हणजे १२० टक्के वाढला. हमीभावाने मोजल्यास २०१४-१५ साली एका दिवसाच्या मजुरीला जवळजवळ ११ किलो ज्वारी येत होती. २०२४-२५ साली पावणेनऊ किलोंच्या वर थोडीशी येते. दुकानातील ज्वारी हमीभावाहून महाग असते, तेव्हा प्रत्यक्षात पदरात याहूनही कमी पडते.

हाच हिशेब मी एका गावच्या शाळेत घेतला, तेव्हा पहिल्या बाकावर शेतमजुराची मुलगी व ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा शेजारी बसले होते. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमची दोन किलो ज्वारी गेली." मुलाने उलट बाजूने गणित मांडले. एक क्विंटल ज्वारी विकून पूर्वी मजुरीचे ९ दिवस भागत, ते आता ११ दिवस भागतात. निदान कागदावर तरी. दोघांचीही उत्तरे बरोबर होती. वर्ग काही वेळ गप्प झाला. अशा वेळी कार्यकर्त्याने कोणाचीही बाजू घेऊ नये व घाईने समारोपही करू नये. एकाच भावाला दोन तोंडे असतात, हे मुलांना आपल्याच वर्गात दिसले, एवढे त्या तासाला पुरे आहे. (त्या मुलाने "पण हमीभावाने आमची ज्वारी घेतली कोणी?" असेही विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून वहीत हमीभाव व पट्टीवरील प्रत्यक्ष भाव यांच्या ओळी निरनिराळ्या ठेवाव्यात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, परंतु त्या हंगामात राज्यातील अनेक बाजार समित्यांत व्यवहार त्याखाली झाले.)

ऊस-पट्ट्यातील गावांत याच पाठासाठी उसाचा दर घ्यावा. त्यात एक मेख आहे व ती मोठ्या माणसांनाही चकविते. उसाचा रास्त व किफायतशीर दर २०१४-१५ च्या हंगामात क्विंटलला २२० रुपये होता व २०२४-२५ च्या हंगामात ३४० रुपये. वाढ साडेचोपन्न टक्के दिसते. परंतु पहिला दर साडेनऊ टक्के साखर उताऱ्यास होता व दुसरा सव्वादहा टक्के उताऱ्यास. तोच ऊस, तोच उतारा धरून तुलना करावयाची तर त्रैराशिक मांडावे: ३४० ला १०.२५ ने भागून ९.५ ने गुणिले असता ३१५ रुपये १२ पैसे येतात. म्हणजे खरी वाढ २२० वरून ३१५.१२ पर्यंत, सुमारे ४३ टक्के. आणि त्याच काळातील सर्वसाधारण भाववाढ वर आलीच आहे, ६२ टक्के. सातवीच्या त्रैराशिकाने एवढे निघते, हे पाहून मुलांचे डोळे चमकतात; मागे बसलेले एखादे पालक पुढे सरकतात. समान मापाशिवाय तुलना नाही, हा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका उदाहरणाने लवकर पटतो.

कर्जाचे गणितही येथेच बसते. भाववाढीत कर्ज घेणाऱ्याचा फायदा होतो, कारण फेड स्वस्त झालेल्या रुपयांत होते, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असते. ते खरे आहे, पण शेतकऱ्यापुरते त्याला एक अट आहे. त्याच्या मालाचा भाव भाववाढीबरोबर चढला पाहिजे. समजा, एक लाख रुपयांचे कर्ज घेतले तेव्हा सोयाबीन ५,००० रुपये क्विंटल होते. व्याज बाजूला ठेवले तर कर्ज २० क्विंटलांचे झाले. फेडीच्या वेळी भाव ४,००० झाला तर तेच कर्ज २५ क्विंटलांचे होते. एकरी ८ क्विंटल उतारा धरल्यास अडीच एकरांचे कर्ज तीन एकरांहून अधिक झाले. बँकेच्या पासबुकात मात्र आकडा एक लाखच राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन काही ठिकाणी नऊ-दहा हजारांच्या घरात गेले होते. त्या भावावर विसंबून ज्यांनी खर्च वाढविला, त्यांच्या घरातील मुलांना हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. नेमके याच कारणासाठी वर्गात कोणाच्याही घरच्या कर्जाचा आकडा विचारू नये. कर्जाचे उदाहरण नेहमी "समजा" या शब्दाने सुरू करावे. मुलगा घरी जाऊन स्वतःचा हिशेब मुकाट्याने मांडतोच.

चौथा पाठ साठविलेल्या पैशाचा असून तो थोडक्यात उरकतो. आजीने २०१४-१५ साली दहा हजार रुपये डब्यात ठेवले व दहा वर्षांनी काढले, तर नोटा तितक्याच भरतात. निर्देशांकाने पाहता १०,००० ला ११९ ने गुणून १९३ ने भागावे. खरेदीशक्ती सुमारे ६,१७० रुपयांची उरली. उंदराने जणू पावणेचार हजार कुरतडले, आणि डब्याला छिद्र मात्र नाही. वाढीचा वेग तोंडी काढण्यास ७२ चा आडाखा शिकवावा. ७२ ला दराने भागले की दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात. किसान विकास पत्राचा दर १ एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्के झाला, तेव्हा रक्कम दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, अर्थात ११५ महिने व वर काही दिवस. आडाखा किती जवळ येतो हे मुलांनी स्वतः ताडून पाहावे. तोच आडाखा खर्चालाही लागतो. भाववाढ वर्षाला ६ टक्के राहिली तर आज पहिलीत जाणाऱ्या बहिणीच्या पुढील शिक्षणास १२ वर्षांनी दुप्पट रुपये लागतील. पुष्कळ मुले १२ ला ६ ने गुणून १०० चे १७२ होतील असे सांगतात. त्यांना वहीत एकेक वर्ष मांडून १२ ओळी पूर्ण करावयास लावावे. शेवटच्या ओळीत २०१ येतात, व मधले २९ रुपये कोठून आले हे चक्रवाढ व्याजाच्या प्रकरणाहून अधिक स्पष्ट होते.

भाव का वाढतात, या प्रश्नाचे उत्तर मुले मागतीलच. अवर्षण, इंधन व वाहतूक, आयात मालाचा भाव, मालाच्या मानाने चलनात अधिक आलेला पैसा, अशी कारणे थोडक्यात सांगावीत. गावातील दुकानदारावर बोट दाखविण्याकडे वर्गाचा कल झुकतो, तो मात्र आवरावा. दुकानदारही ठोक बाजारातून चढ्या भावानेच माल आणतो. शक्य असल्यास त्याच्याकडूनच जुन्या वह्यांतील दोन-तीन वर्षांचे भाव मागून घ्यावेत. गावच्या भावांची इतकी चांगली नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

हे पाठ झाल्यावर प्रत्येक मुलाने एक भाववही ठेवावी. तीत सात-आठ वस्तूच असाव्यात. अधिक घेतल्यास दोन महिन्यांत वही बंद पडते, असा अनुभव आहे. धान्य, तेल, साखर, दूध, एक भाजी, डिझेल, मजुरी व घरचे मुख्य पीक एवढे पुरते. दर महिन्याला एकाच तारखेस, एकाच दुकानी, एकाच मापाचा व शक्यतो एकाच प्रतीचा भाव लिहावा. शेवटच्या रकान्यात त्या वस्तूचा भाव घरच्या पिकाच्या किलोत मांडावा. मुलींच्या वह्या बहुधा अधिक नियमित राहतात, कारण सामान आणण्याचे काम त्यांच्याकडे असते; त्यांना गटाचे प्रमुख करावे. वर्गाची तारीख आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची धरावी. त्या दिवशी भाव ताजे असतात व घरोघर त्यांचीच चर्चा चाललेली असते.